बोरगाव तांड्याच्या खेपा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एकदा जेवताना तोंडापर्यंत आलं होतं — मग उठलो आणि हात धुतला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातलं आहे. उदगीरकडच्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. नवा जिल्हा होणार अशी हवा होती. जिल्हा झाला की नवी पदं, आणि मग मी कायम — असं धरूनच चाललो होतो.

टँकरचं काम माझ्याकडे. प्रत्येक गावाची एक साधी फाइल — वर नाव, खाली लोकसंख्या, त्याखाली दिवसाच्या खेपा. बदल आला की एकेक फाइल उघडायची. वैताग यायचा. म्हणून मी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: नाव द्या, आकडा द्या, फाइलमध्ये आपोआप बदलतो. साहेब खूश. आणि मी? मी तर हवेतच.

बोरगावच्या बोअरला पाणी लागलं. साहेब म्हणाले, बोरगावच्या खेपा शून्य करा. केल्या. पण स्क्रिप्टनं नावात 'बोरगाव' असलेली प्रत्येक फाइल धरली — 'बोरगाव तांडा'सुद्धा. तांडा वर माळावर, तिथं बोअर नाही, काही नाही. एकदा तपासून पाहायला काय झालं होतं मला?

रोज सकाळी मी फोनवर त्या दिवशी खेपा असलेली गावं वाचायचो, आणि टँकरचे ड्रायव्हर शौकतमामा ऐकून निघायचे. मी तांडा वाचला नाही, ते गेले नाहीत. काही दिवसांनी तांड्यावरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयात आल्या. एकीनं आवारात उभ्या मामांची कॉलरच धरली. "आमचं पाणी कुठं इकलं रे?"

गोंधळ ऐकून मी फाइल उघडली. शून्य. आणि — इथंच दरवेळी अडखळतो मी — ते शून्य खोडून पूर्वीसारखं दोन केलं. मग बाहेर गेलो.

"तांडा मला सांगितलाच न्हाई, साहेब," मामा म्हणत होते. "इमानानं सांगायलो. ह्या बाबूलाच इचारा की!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"फाइलमध्ये तांड्याच्या दोन खेपा आहेत, सर," मी म्हणालो.

मामांनी खिशातून टँकरची चावी काढली, टेबलावर ठेवली. पाणी विकणारा म्हणून त्यांचं नाव गावोगाव झालं. जिल्हा काही झाला नाही. मी नांदेडला खासगी नोकरी धरली.

मागच्या वर्षी ते अर्धापूरला दिसले — ट्रकमध्ये केळीचे घड चढवत होते. मी तोंड फिरवलं. त्यांनीच हाक मारली, चहा पाजला.

"तवा माझ्या कानानंच घात केला बघा," ते म्हणाले. "तुम्ही तांडा सांगितला असंल, मलाच ऐकू आला नसंल. तवापासून स्टेअरिंग सोडलं. हॉर्न ऐकू न्हाई आला अन् कुणी चाकाखाली आलं तर?"

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हळूच "मामा" म्हणालं. त्यांनी लगेच मान वळवली.

तेव्हा तरी बोललो का मी?

"होतं मामा असं," मी म्हणालो. "वय आहे."

ते हसले, आणि पुन्हा घड उचलायला गेले.