सरांच्या आधीचा तास

सत्तरच्या दशकात मी वेळापूरला शाळेत शिकवत होते आणि बी.ए. टपालाने करत होते. धडे पोस्टमन आणून द्यायचा, उत्तरंही टपालानेच जायची. एकटीने वाचायचं, कळलं नाही ते तसंच पुढे ढकलायचं. महिन्यातून एका रविवारी सोलापुरात वर्ग भरे. तिथेही आम्ही नोकरदार, संसारी माणसं मुकाट्याने लिहून घ्यायचो आणि एस.टी. गाठायला धावायचो. शेजारी कोण बसतं, तेही ठाऊक नसायचं.

इतिहासाच्या सरांना हे खटकलं. एकदा म्हणाले, "पुढच्या वेळी मी तासभर उशिरा येणार. तुम्ही मात्र वेळेवर या."

"मग आम्ही काय करायचं, सर?"

"बोला की एकमेकांशी!"

त्या रविवारी जो तो आपापली वही उघडून बसला. शेवटी अक्कलकोटचे एक कारकून खाकरले. "फ्रान्सची राज्यक्रांती कुणाला कळली का हो? मला कायबी कळलं न्हाय."

सगळे हसलो. माझ्या शेजारची बाई तेलुगू विणकर घरातली. ती हळूच म्हणाली, "मला सुरुवात कळलीय." शेवट मला येत होता. मधलं एका नर्सबाईंनी सांगितलं. सर दारापर्यंत आले, आमचा गलका ऐकला आणि "चालू द्या" म्हणून परत फिरले.

त्या शेजारणीला आम्ही अक्का म्हणू लागलो. पण काही महिन्यांनी ती यायची थांबली. कारकून म्हणाले, "बाई, तुमीच जाऊन बघा." मी आणि नर्सबाई तिच्या घरी गेलो. सासू दारातच उभी राहिली.

"रविवारी कुटं जाती, कुणाजवळ बसती, आमाला काय ठाव?"

"आमच्याजवळ बसते," मी म्हणाले.

तिने आम्हाला नीट न्याहाळलं, आत बोलावलं, चहा दिला. निघताना म्हणाली, "तुमी न्यायला येनार आसाल तर पाठवते." मग दर वर्गाला मी स्टँडवरून आधी तिच्याकडे जायची. सासू सगळ्यांपुरती भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची.

परीक्षेत अक्का पास झाली, मी अर्थशास्त्रात आपटले. शिक्षण सोडायचं मी ठरवूनच टाकलं. तर एके सकाळी अक्का वेळापुरात दारात हजर, सोबत सासू!

"हिला एकटीला कसं पाठवू?" सासू म्हणाली आणि सरळ चुलीकडे गेली. आम्ही ओसरीवर पुस्तक उघडलं. मी चुकले की अक्का रागवायची, आणि आतून सासू ओरडायची, "आगं, हळू सांग की तिला!"

पुढच्या खेपेला मी पास झाले.