रीलवर दोरा भरताना

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, आणि सांगलीत गळ-दोऱ्याचं दुकान चालवतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. एकदा आष्ट्याकडचे एक निवृत्त फौजी समुद्रावर मासे धरायला वापरायची नवी रील घेऊन आले. नाव मी विचारलं नाही. एकेक दोरा नखावरून ओढून बघत ते म्हणाले, "ह्यो विणलेला घेतो. पर खाली आधी नायलॉन भरायचा म्हनतोस, त्यो कशाला?"

"नुसता विणलेला दोरा गुळगुळीत रीलवर घसरतो. खाली नायलॉन असला की पकडून बसतो. मशीनवर दोन मिनिटांत भरून देतो."

"मशीन नगं. तू दोऱ्याचं भेंडोळं पेन्सिलीत अडकवून धर, मी गुंडाळतो. घरी मंडळी धरायची. आता कोन न्हाई."

मी धरलं. ते सावकाश गुंडाळत राहिले. "लाटांना लय भ्यायची," मधेच म्हणाले, "तरी माझ्यासंगं वाळूत बसून ऱ्हायची."

तासाभरानं रील भरली. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"आतला सैल बसलाय गड्या. परत काढूया?"

मीही दाबलं. दोरा दगडासारखा घट्ट होता.

"व्हय, सैलच हाय की," मी म्हणालो आणि पेन्सिल पुन्हा धरली.