मास्टरचे कप आणि सोपानरावांचा खांदा

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. त्यातून तुमच्या आणि शेजारच्या गाळ्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत असेल तर विचारूच नका! मी परभणीत फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षानुवर्षं अभ्यास करून, हाडं-स्नायू पाठ करून आलेली. शेजारी 'चायनीज कपिंग थेरपी सेंटर' आहे. त्याचा मालक सात दिवसांचा कोर्स करून आलेला. त्याआधी तो मोबाईलची कव्हरं विकायचा. मूळचा चुडाव्याचा विठ्ठल, पण आता त्याला 'मास्टर' म्हणायचं. लाल सॅटिनचा झब्बा घालून तो 'नी हाव' असा चिनी नमस्कार करतो, आणि पेशंट 'जय भीम' नाहीतर 'राम राम' म्हणून शर्ट काढतात.

मग पाठीवर प्लॅस्टिकचे कप लावायचे, पंपानं आतली हवा ओढायची. कातडी फुगते, खाली रक्त साकळतं, गोल काळे डाग उठतात. मास्टर सांगतो, ते शरीरातलं विष!

* * *

या डागांना आमच्याकडे भलताच मान आहे. एका क्लार्कनं आपली काळीनिळी पाठ स्टेटसला ठेवली. ती बघून दुसऱ्या दिवशी त्याचा साडू आला. त्याचे डाग निघाले फिक्कट गुलाबी.

झालं, साडू भडकला! "त्याला काळे अन् मला गुलाबी? आमी काय फुकट आलोत का?"

मास्टरनं पुन्हा सगळे कप लावून पंप मारला. पलीकडून साडूचं विव्हळणं ऐकू येत होतं आणि मधूनच प्रश्न, "आता झाले का काळे?"

वाकत वाकत बाहेर पडला, पण चेहऱ्यावर काय समाधान!

* * *

सोपानराव मात्र माझ्याकडे आले होते. सोनपेठकडचे, शेळ्या-मेंढ्या राखणारे, साठीचे. उजवा खांदा असा आखडलेला की हात छातीच्या वर जाईना.

"बाई, काठीच्या आकडीनं झाडाचा पाला ओढता येईना," ते म्हणाले. "पोरं पुण्याला. शेळ्या उपाशी राहायल्यात. हात असाच ऱ्हायला तर इकाव्या लागतेल."

मी म्हटलं, विकायच्या नाहीत! भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा, जिथं अडेल तिथं पेन्सिलनं रेघ मारायची. उद्या त्या रेघेच्या वर.

पंधरा दिवसांनी आले. हात तिथंच! व्यायाम केला का? न्हाई. मग मी शिस्तीवरून चांगली दहा मिनिटं झापलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "बाई, आमचं शेतात कापडाचं पाल हाय. भिंत कुठून आणू?"

एवढी शिकले, पण राहता कुठं हे विचारायचं सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झाड आहे का?"

"पालाम्होरं कडूलिंब हाय की."

"मग लिंबावर करा!"

* * *

एक आजीबाई नातसुनेला घेऊन मास्टरकडे आल्या. कप बघताच म्हणाल्या, "आगं, ही तर तुंबडी! बेंबी सरकली की माझी सासू पोटावर दिवा ठिवून वरून तांब्या पालथा घालायची."

"आजी, ही चीनची विद्या आहे," मास्टर म्हणाला.

"मग माझी सासू काय चीनची व्हती?"

मास्टरनं पंखा वाढवला.

* * *

आणि ते पिंगळीचे गुरुजी! आठ कप लावून पालथे पडलेले, तेवढ्यात बायकोचा फोन, गाडी यायची वेळ झाली म्हणून. मास्टर चहाला गेलेला. गुरुजींनी कपांवरूनच शर्ट चढवला आणि स्टेशनकडे पळाले.

गाडीत गर्दी. जरा कुणी पाठीला टेकलं की 'फट्!' शर्टातून एक कप खाली. पिंगळी येईपर्यंत चार सुटले. दुसऱ्या दिवशी आठही कप पिशवीतून परत आणून दिले आणि म्हणाले, "मास्टर, फरक लय पडला. डब्यात बसायला जागा भेटली!"

* * *

मग एके दिवशी प्लायवूडपलीकडून ओळखीचा आवाज आला. सोपानराव! मास्टर सांगत होता, "ऊर्जा अडकलीय तुमची. कपांच्या दहा बैठका कराव्या लागतील." मला असा संताप आला की हातातली फाईल मी टेबलावर आपटली.

जाताना त्यांनी माझ्या दारात डोकावलं. मी बोललेच, "कप लावून शेळ्या जगणार आहेत का?"

ते ओशाळले. "बाई, तुमच्यात करावं लागतंय. हितं नुसतं पडायचं असतंय."

पुढे मला त्यांची काळजी वाटत राहिली, आणि रागही जाईना.

* * *

दरम्यान दिवसभर पंप ओढून ओढून मास्टरचाच खांदा गेला! झब्ब्यात हात घालताना किंकाळी ऐकू यायची. एका सोमवारी सेंटरला कुलूप आणि वर कागद: 'मास्टर उच्च प्रशिक्षणासाठी चीनला गेले आहेत.'

* * *

त्याच आठवड्यात सोपानरावांचा फोन आला. "बाई, हात बघायला या."

रविवारी एसटीनं सोनपेठ गाठलं, पुढे त्यांच्या शेतावर. माझ्यासमोर त्यांनी आकडी उचलली, डोक्याच्या वरची बाभळीची फांदी धरली आणि कडाकडा खाली ओढली. शेळ्या तुटून पडल्या. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

"कपांचा गुण का हो?" मी टोमणा मारला.

"न्हाई वो. पडून पडून कटाळा आला. मग लिंबाला लागलो. शेळ्या न्हाई इकायच्या आता."

त्यांनी लिंब दाखवला. मेंढरं ओळखू यावीत म्हणून लावतात त्या लाल रंगाच्या रेघा, छातीपासून थेट पटक्याच्या वरपर्यंत. शेजारी मात्र निळ्या रेघा होत्या, ताज्या, तीनच, आणि पार खाली.

"या कुणाच्या?"

तेवढ्यात पालामागून बनियनवर, डाव्या हातात चहाचा कप धरून, मास्टर आला! मला बघून जागीच थांबला.

"चला मास्टर, चहा झाला," सोपानराव म्हणाले.

मास्टर झाडाला तोंड करून उभा राहिला. बोटं चालवत तिसऱ्या रेघेपर्यंत गेला आणि कळवळला. "सोपानराव, आधी दोन कप लावून बघू का?"

सोपानरावांनी पुढच्या रेघेसाठी निळ्या रंगाच्या डब्यात बोट बुडवलं.

"कुणाला? झाडाला?"