बेलाच्या टोपलीतला पाहुणा

बेल निवडताना हाताला तो ओला, तुरट वास लागला की बाबांची बरणी आठवते. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरी नदीपलीकडच्या रामनगरहून बेल यायचा. एकदा त्या टोपलीत वाळक्या पानासारखा एक किडा निघाला. काडीसारखी मान, पुढचे पाय जोडलेले. असाच हात जोडणारा खंडोबाचा किडा आम्ही पाहिला होता, पण तो हिरवागार. हा कोण, कुणालाच कळेना. बाबा वेद शिकवायचे, नव्या माणसाला आधी गोत्र विचारायचे. हात जोडतोय म्हणजे सात्त्विकच, असं ठरवून त्यांनी त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं आणि रोज नैवेद्याचा भात घातला. तो भाताला शिवेना. चौथ्या दिवशी मी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, "अरे, ये तो वायलिन मैंटिस है! सिर्फ़ ज़िंदा मक्खी खाता है." खंडोबाच्या किड्याचाच भाऊबंद, पण जिवंत माशीच खातो, असं मी बाबांना सांगितलं. बाबा सोवळ्यातच उठले, खिडकीशी मुठीत माशी धरली आणि बरणीत सोडत म्हणाले, "घे रे, तुझं गोत्रच वेगळं, आम्हीच चुकलो." आता बेल मी निवडते. वाळकं पान टाकण्याआधी त्यावर हळूच फुंकर घालते. हललंच कधी, तर त्याचं गोत्र विचारायला बाबा नाहीत.