मचव्यातली दोन गाऱ्हाणी

माझं लग्न ठरलं तो दिवस आठवला की मला अजूनही थोडं अपराधी वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला अपराधी वाटायला कारण लागत नाही, रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी ते तुम्हालाच वाटतं. तिचं म्हणणं खरं आहे. तरी तो दिवस एकदा जसा घडला तसा लिहून काढावा, असं पुष्कळ दिवस मनात होतं.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. वडील लवकर गेलेले, घरात आई आणि काका. काकांची उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटींवर गेली होती. कायमचे घरी परतल्यावर त्यांना गावात करण्यासारखं एकच काम दिसलं, ते म्हणजे माझं लग्न.

कराडची एक मुलगी सांगून आली. शाळेत शिक्षिका होती. आम्ही कराडला जाऊन पाहून आलो. पोहे खाताना काहीतरी विचार असं सगळे मला खुणावू लागले, तेव्हा मी तिला विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?" हाच प्रश्न का सुचला, ते मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "कृष्णेत येतं. तुमच्या घरात लागतं का?" माझं मन तिथंच तिच्यावर जडलं. घरी येईपर्यंत मी आईशी दुसऱ्या कशावर बोललो नाही.

अडचण तिच्या वडिलांची होती. उसाच्या मुलखातला माणूस, नोकरीही साखर कारखान्यात. मुलगा पसंत होता, पण गाव नव्हतं. "समुद्राच्या काठाला पोरगी द्यायची म्हणजे जिवाला घोर," असं ते म्हणाले. शेवटी ठरलं ते असं, की ते स्वतः येऊन रत्नागिरी बघणार आणि संध्याकाळच्या एस.टी.त बसायच्या आधी हो किंवा नाही सांगणार. मुलगीही म्हणाली, "राहायचं मला आहे, तर मीही बघणार." त्या काळात लग्नाआधी मुलीने असं मुलाच्या गावी येणं रीतीला धरून नव्हतं. पण ती आली.

आदल्या रात्री काकांनी मला बजावलं, "गाव मी दाखवतो. तू फक्त तोंड बंद ठेव."

"का?"

"तू खरं बोलतोस म्हणून."

सकाळी पाहुणे आले, त्यांचा चहा झाल्यावर रिक्षा आली. मागे ती, तिचे वडील आणि मी. पुढे रिक्षावाल्याला खेटून काका. ते मान मागे वळवून गाव दाखवत होते. पहिल्यांदा राजवाडा. इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, तिथल्या राजाला आणून ठेवलं तो हा वाडा. काका म्हणाले, "बघा पाहुणे, एवढ्या लांबचा राजा, पण रत्नागिरीत असा रमला, असा रमला, की परत जायचं नाव काढलं नाही."

मी गप्प बसायचा खूप प्रयत्न केला. "तो कैदेत होता," मी म्हणालो. "त्याला सोडलंच नाही शेवटपर्यंत."

तिच्या वडिलांनी वाड्याकडे आणि मग मुलीकडे पाहिलं. "म्हंजे हितं आलेलं माणूस परत जात न्हाई तर."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कोळ्याच्या कोयत्याखालच्या सुरमईलाही तशी नजर पाहावी लागत नसेल.

पुढे मिरकरवाड्याच्या बाजूने वारा आला. तिच्या वडिलांनी नाकाला रुमाल लावला. काका म्हणाले, "समुद्राची हवा. छातीला फार चांगली." मी म्हणालो, "सुकत घातलेली मासळी आहे." मग एका बागेतल्या विहिरीपाशी रिक्षा थांबवून काका म्हणाले, "बारा महिने पाणी." मी म्हणालो, "या विहिरीला असेल. आमच्या विहिरीचा मे महिन्यात तळ दिसतो, तेव्हा शेजाऱ्यांकडून आणावं लागतं." हे बोलताना माझा जीव तुटत होता. प्रत्येक वाक्यागणिक ती माझ्यापासून एकेक हात लांब चालली आहे हे मला दिसत होतं. पण ज्या माणसाला आपली मुलगी द्यायची आहे त्याला खोटं ऐकवायचं आणि आपण शेजारी बसून मान डोलवायची, हे मला जमेना. ती मात्र बाहेर तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. मग लक्षात आलं, हसते आहे.

किल्ल्यावरच्या देवळात गेलो तेव्हा एका घरचं गाऱ्हाणं चाललं होतं. मुलगा मुंबईला नोकरीला जाणार होता. गुरव नारळ हातात घेऊन देवीला सांगत होता: पोराला सुखरूप ने, चांगल्या माणसांत ठेव, व्यसनापासून लांब ठेव. प्रत्येक वाक्याला मागची माणसं एका सुरात म्हणत होती, "व्हय म्हाराजा!"

तिने मला विचारलं, "हे काय?"

निदान हे तरी मी नीट सांगितलं. आमच्याकडे देवाशी बोलणं असं चारचौघांत होतं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. आणि जो होकार भरतो तो त्यात बांधला जातो. पोराला व्यसनापासून लांब ठेव म्हटल्यावर व्हय म्हाराजा म्हणणाऱ्या मामाने मग त्याच पोराला बिडी द्यायची नाही.

"आणि दिली तर?"

"देत नाहीत," मी म्हणालो. "निदान मी तरी पाहिलेलं नाही."

ती पुन्हा गुरवाकडे पाहू लागली. तिच्या वडिलांना मात्र तो प्रकार फार आवडला. व्हय हा शब्द त्यांच्या तोंडातलाच, त्यामुळे चटकन बसला. किल्ला उतरताना काका काहीही म्हणाले की ते मोठ्याने म्हणत, "व्हय म्हाराजा!" आणि स्वतःच हसत. "जपून पाहुणे, चिरा सुटलाय." "व्हय म्हाराजा!" मला वाटलं, काम होतंय बहुतेक. काकांना त्याहून अधिक काहीतरी वाटलं असणार, कारण खाली आल्यावर त्यांनी रिक्षा दुकानापाशी थांबवली आणि दोन नारळ घेतले.

मांडवी बंदरात काकांच्या ओळखीचा तांडेल मचवा घेऊन उभाच होता. काकांनी नारळ त्याच्या हाती देताना कानात काहीतरी सांगितलं. इंजिन लावलेला लहानसा मचवा, मासळीसाठीचा. पाहुण्यांसाठी म्हणून फळ्या धुऊन त्यावर गोणपाट टाकलं होतं. तिचे वडील बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

"पाव्हणं, ह्ये कायम असंच हलत असतंय?"

"छे छे. भरती-ओहोटीच्या मधे थांबतं," काका म्हणाले.

"थांबत नाही," मी म्हणालो.

ते मुलीचा हात धरून बसले आणि मचवा निघाला. बंदर मागे पडलं. किल्ला समुद्रातून दिसू लागला, वर दीपगृह, खाली काळा कातळ आणि त्यावर फुटणारं पाणी. ती टक लावून पाहत होती. तिच्या वडिलांनी एका हाताने मचव्याची कड आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला होता. एकदा त्यांनी दंड सोडायचा विचार केला, तेवढ्यात लाट आली.

जरा पुढे गेल्यावर तांडेलाने इंजिन बंद केलं. मचवा नुसता डुलू लागला.

"काय झालं?" तिच्या वडिलांचा आवाज चिरकला.

"काय नाय," काका म्हणाले. "नवी माणसं दर्यावर आली की गाऱ्हाणं घालायचं, अशी रीत आहे. मागून सगळ्यांनी होकार भरायचा. कोणी गप्प राहिलं तर मचवा पुढे नेत नाहीत."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. मी काकांकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते.

तांडेलाने नारळ दोन्ही हातांत धरला. "बा दर्याराजा म्हाराजा! आज ही देशावरची मंडळी तुज्या दारात आल्येत."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. तिच्या वडिलांचा आवाज सगळ्यांत मोठा. भीती घालवायला ओरडण्यासारखा उपाय नाही.

"तेंका सुखरूप ने, सुखरूप आण!"

"व्हय म्हाराजा!"

"पोटात ढवळाढवळ करू नको!"

"व्हय म्हाराजा!" हे तर त्यांनी मनापासून म्हटलं.

"आणि ही पाव्हण्यांची लेक तुज्या काठाला नांदाक येताय, तिला सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ पाण्यात पडला. तांडेलाने हात जोडले.  मग तिच्या वडिलांचा चेहरा हळूहळू बदलला.

"ओ पाव्हणं. ह्ये नांदायचं काय मधीच?"

"आता मी काय सांगू," काका गंभीरपणे म्हणाले. "व्हय म्हणालात तुम्ही. आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं."

"दर्यानं आयकलान्," तांडेल म्हणाला.

मला ते सहन झालं नाही. मी उभा राहिलो. मचव्यात असं एकदम उभं राहायचं नसतं, हे मला, समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला, माहीत असायला हवं होतं. मचवा कलला, तिचे वडील किंचाळले आणि तांडेल गरजला, "खाली बस रे मेल्या! लगीन व्हायच्या आधीच बुडवतंस सगळ्यांका!"

मी बसलो, पण बोललो. "हे धरायचं नाही. ही फसवणूक आहे. तांडेलमामा, हे गाऱ्हाणं मागे घ्या."

"मागं?" तांडेलाने बोट दाखवलं. नारळ लाटांवर वरखाली होत निवांतपणे किल्ल्याच्या दिशेने चालला होता. "जा, घेऊन ये."

काकांनी कपाळाला हात लावला. "बघा पाहुणे," ते म्हणाले, "ह्या असल्या पोराचं मी काय करू? ह्याच्यासाठी मी खोटं बोलतो आणि हा माझ्यावरच उलटतो."

तिचे वडील काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दुसरा नारळ आहे ना? इकडे द्या."

"कशाला?"

"मलाही गाऱ्हाणं घालायचंय. बाईने घातलेलं चालतं का?"

तांडेलाने काकांकडे पाहिलं, काकांनी तांडेलाकडे. जी रीत तासाभरापूर्वी जन्माला आली होती तिच्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "चालतं," तांडेल म्हणाला.

तिने नारळ घेतला, पदर खोचला आणि वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तशा स्वच्छ आवाजात सुरुवात केली. "हे समुद्रा महाराजा. मी तुझ्या काठाला यायचं की नाही ते अजून ठरायचंय."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. काकांचा आवाज जरा बसला.

"आले तर मी नोकरी सोडणार नाही. इथल्या शाळेत शिकवीन."

"व्हय म्हाराजा."

"मे महिन्यात शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी आणायला हेही माझ्याबरोबर येतील, हंडा घेऊन."

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. तांडेल हसू दाबत होता.

"मासे करायला मी सासूबाईंकडून शिकेन. पण साफ हे करतील."

काकांना ठसका लागला. आमच्या घरात पुरुषाने मासळीला हात लावलेला नव्हता. काकांनी तर जन्मभर बोटीवर राहून नाही. पण कोणी गप्प राहिलं तर मचवा पुढे जात नाही, हे त्यांचंच म्हणणं. "व्हय म्हाराजा," ते खोकत म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे मासे मी साफ करतो. बांगडा मला चांगला जमतो. बोंबलाबद्दल अजून बोलणी खावी लागतात.

मग ती थांबली. नारळ हातात फिरवत राहिली आणि पुन्हा बोलली तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"माझ्या आबांना माझी काळजी वाटते. तर त्यांनी दर वर्षी इथे येऊन महिनाभर राहावं. मी कशी आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये."

"व्हय म्हाराजा," काका, तांडेल आणि मी म्हणालो.

तिचे वडील गप्प होते. मघापासून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. पुन्हा फसायचं नाही असं ठरवून बसले होते. ती नारळ धरून थांबली. तांडेलही इंजिनाला हात लावायला तयार नव्हता. मचवा डुलत होता. माझ्या दंडावरचा त्यांचा हात तेवढा मला कळत होता. मनातून मी पुरता खचलो होतो, आणि खरं सांगायचं तर, मला त्यांचं नाही म्हणणंही पटलं असतं.

मग ते एकटेच, इतक्या हळू की वाऱ्यात जेमतेम ऐकू आलं, म्हणाले, "व्हय... म्हाराजा."

तिने नारळ सोडला. तांडेलाने इंजिन सुरू केलं आणि मचवा मांडवीकडे वळवला. वाटेत काकांनी एकदा नाक शिंकरलं, तेही दुसरीकडे तोंड करून.

मांडवीला उतरल्यावर काका तिच्या वडिलांना पुढे घेऊन गेले. मी तिला गाठलं. माझ्या मनात एकच होतं. "हे बघा," मी म्हणालो, "काकांनी घालायला लावलेलं ते पहिलं गाऱ्हाणं मी धरत नाही. तुम्ही मोकळ्या आहात. तुमच्या वडिलांनाही मी तसं सांगतो."

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

"मी घातलं ते. तेही धरत नाही का?"

मी पेचात पडलो. एक धरायचं आणि एक नाही, हे न्यायाला धरून होत नव्हतं. तरी मी म्हणालो, "तुमचं धरतो."

"सगळं? मासे पण?"

"मासे पण."

"मग माझ्याशी काय बोलताय? आबांना जाऊन सांगा."

तिचे वडील धक्क्यावर एका दगडाला टेकून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

त्यांनी हात वर केला. "जावईबापू," ते म्हणाले, "काही खरं सांगनार असला तर आता ऱ्हाऊ द्या. आधी मला धरा. जमीन अजून हलतीया."

मी त्यांना धरलं.