पहिल्या वेलांटीची शीर

आई लसूण सोलते आहे आणि तिच्या हातावरची निळसर शीर बोटांबरोबर वरखाली होते आहे. ती दिसली आणि मला माझी चूक पुन्हा आठवली.

सकाळी मी नर्सिंग कॉलेजचा अर्ज ऑनलाइन भरला. भरताना आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण अर्ज गेल्यावर, आता बदल करता येणार नाही असं स्क्रीनवर आल्यावर, मी माझंच उत्तर वाचलं. नर्स का व्हायचंय, याचं कारण मी मनापासून लिहिलं होतं : 'सलाइन लावताना माझ्या आईची शिर कुणालाच सापडेना.'

पहिली वेलांटी. म्हणजे डोकं. अख्खा वॉर्ड माझ्या आईचं डोकं शोधत होता.

खरं तर आई दवाखान्यात होती त्या दिवशी तीनदा टोचून झाल्यावर एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी हाताकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, नुसतं बोटाने चाचपलं आणि सुई बरोबर शिरेत गेली. मला काय व्हायचंय, ते तिथेच ठरलं. आणि मी वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिली. फरक केवढा, तर केसाएवढा. सुईही तेवढ्यानेच चुकते.

आईला सांगितलं, तर ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "वाचणार कोण? सिस्टरच ना? मग त्यांना सापडेल."

मी तिचा लसणाचा हात ओढून घेतला, डोळे मिटले आणि बोटाने चाचपलं.

पहिल्याच खेपेला सापडली.