डोळ्याला पदर लावायचा नाही

आवाजाच्या कार्यशाळेत मुलं हमखास विचारतात, ‘मॅम, तुम्हाला तुमची स्टाईल कशी सापडली?’ मी काहीतरी सांगते. श्वास, शब्दफेक, रोजचं मोठ्यानं वाचन. मुलं लिहून घेतात, आणि घरी येईपर्यंत मला त्या उत्तराची किळस यायला लागते. खरं सांगायचं तर आईच्या उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते चहाच्या सुट्टीआधीच्या पंधरा मिनिटांत सांगण्यासारखं नाही.

आईला मोतीबिंदू झाला होता. तपासणीसाठी तिला सिंहगड रस्त्यावरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. लिफ्टचं दार लागलं आणि वरून एक बाई मधाळ आवाजात म्हणाली, “कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.” आईनं मान वर केली. “ही कोण बया? दार लावायला एवढी लाडात कशापायी येतीय?”

ती बया म्हणजे मीच. लिफ्टच्या कंपनीसाठी ते मी कधीतरी वाचलं होतं आणि विसरूनही गेले होते. मी आईला काही बोलले नाही. उलट दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हा किस्सा फुशारकीनं सांगितला. जन्मदात्या आईला ओळखू आला नाही म्हणजे केवढा कमावलेला आवाज! सगळे हसले. मीही हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

मी मूळची धायरीची. आता तिथे टॉवर झालेत, पण माझ्या लहानपणी आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. शेताच्या या बांधावरून मारलेली हाक त्या बांधाला पोचली पाहिजे, एवढाच आवाजाचा हिशेब. शहरातल्या शाळेत माझ्या बोलण्याला मुली हसल्या आणि मी पहिल्यांदा तोंड मिटलं. ते उघडलं ते थेट शनिवार पेठेतल्या एका स्टुडिओत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जाड पडदे, आणि टेक चालू असताना पंखा बंद. स्टुडिओचे मालक स्वतःच रेकॉर्डिंग करतात. साठीचे गृहस्थ, बोलणं तिरकस, कान मात्र सोनाराच्या काट्यासारखा. त्यांनी माइकसमोर एक छोटा आरसा टांगला होता. “दात दिसले पाहिजेत, बाई. दात दिसले की आवाज हसतो.”

बारा वर्षं मी त्या आरशात दात काढले. बिल्डर, दागिने, बँक, बाळाचा साबण. प्रत्येक गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाचा तरी आवाज पाठवायचं आणि म्हणायचं, असं हवं. मी तसं द्यायची. बाळाच्या साबणाला आईपण, बँकेला मोठ्या बहिणीचा धीर, वाघोलीतल्या फ्लॅटला झऱ्याची झुळझुळ. त्याच वाघोलीत मी राहते आणि आमच्या सोसायटीत रोज टँकर येतो, पण झुळझुळ मागितली की द्यायची. याला मी माझी शैली म्हणत होते. गुळाच्या ढेपेला शैली असते का? मुंग्या तेवढ्या लागतात.

आमच्या धंद्यात कच्चा आवाज नावाची एक गोष्ट असते. खरं रेकॉर्डिंग करायच्या आधी, मजकूर किती सेकंदांत बसतो ते पाहायला तो एकदा सपाट वाचून काढायचा. त्यात गोडवा घालायचा नाही, घसा वाया घालवायचा नाही. आणि हे कच्चं चुकून कुणी खरं समजून वापरू नये म्हणून आमचे मालक त्यात मध्येच एक टिचकी वाजवतात. खट्. टिचकी असली की तो आवाज टाकाऊ.

आईच्या ऑपरेशनच्या महिनाभर आधी त्याच दवाखान्याचं काम आलं होतं. मोतीबिंदू काढल्यावर घरी काय काळजी घ्यायची, त्या सूचना. जाहिरात कंपनीची एक तरुण मुलगी मजकूर घेऊन आली. त्यात एक वाक्य होतं, ‘आपल्या मौल्यवान नेत्रांना वस्त्राचा स्पर्श कटाक्षाने टाळावा.’ कच्चं वाचताना मला भूक लागली होती, कंटाळा आला होता. मी सरळ म्हटलं, “डोळ्याला पदर लावायचा नाही.” मालकांनी टिचकी वाजवली. ती मुलगी खूप हसली. “मॅम, सो क्यूट! पण फायनलला जरा वॉर्म ठेवूया हं. पेशंटला घाबरवायचं नाहीये, पॅम्पर करायचंय.”

मी आरशात पाहिलं, दात काढले आणि पॅम्पर केलं.

आईचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. घरी सोडताना नर्सनं एक कागद दिला आणि रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं. “सगळं यात आहे, मॅडम.” मला गंमत वाटली. कागद वाचणं आईला शक्य नव्हतं, म्हणून तिच्या फोनवर ते रेकॉर्डिंग टाकलं आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. “रोज सकाळी एकदा ऐक. सगळं सांगितलंय त्यात.” आई धायरीत एकटी राहते, तिला दुसरीकडे करमत नाही. थेंब घालायला शेजारची सून तयार होती. मला सकाळी दागिन्यांच्या दुकानाचं काम होतं. धायरी ते वाघोली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, मध्ये सगळे सिग्नल. मी निघाले.

इथंच मी माती खाल्ली. आईला चार वाक्यं तोंडानं सांगायची सोडून मी तिला माझा आवाज पाठवला. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या मुलीला हे सुचलंही नसतं. तिनं आपलं चारदा बजावलं असतं, आईनं वैतागून “कळलं गं बाई” म्हटलं असतं, आणि डोळा वाचला असता.

रोज फोन करत होते. “ऐकलंस का?” “ऐकलं, ऐकलं.” शाळेत असताना गृहपाठाबद्दल मी जशी थाप मारायची, अगदी तशीच ती मारत होती आणि मला ती ओळखता आली नाही. आवाजातला खोटेपणा ओळखायला शिकवायचे मी कार्यशाळेत पैसे घेते!

पाचव्या दिवशी तिचा फोन आला, डोळा ठणकतोय. पोचले तेव्हा डोळा लालभडक होता आणि पापणी सुजली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत जंतू गेले होते.

“आजी, डोळ्याला काही लावलं होतं का?”

“न्हाई वो. जरा चुरचुरत व्हतं, म्हून शेकला.”

“कशानं?”

आईनं करून दाखवलं. पदराच्या टोकाचा बोळा केला, तोंडाशी धरून त्यात गरम फुंकर मारली आणि डोळ्याकडे नेला. डॉक्टरांनी तिचा हात हवेतच धरला. माझ्या डोळ्यात लहानपणी कुसळ गेलं की ती हेच करायची. तिच्या आईनं तिला केलं, तिनं मला केलं. आमच्या घरात याच्याइतकं औषध दुसरं नव्हतं.

“अहो, पण रेकॉर्डिंग दिलं होतं ना? त्यात स्पष्ट सांगितलंय.”

“कंचं? फोनवरची ती जाहिरात?” आई म्हणाली. “लिफ्टातली बया हाय ती. ती बोलाया लागली का मी लगीच बंद करती. तिचं कोन ऐकतंय!”

डॉक्टर माझ्याकडे वळले, कारण उत्तर मीच द्यायला हवं होतं. ती बया कोण, हे त्यांना अर्थातच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “आई, तो आवाज माझा आहे.”

तिला पटेना. चांगल्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुजा? मग तू का न्हाई सांगितलंस मला?”

डोळ्यात इंजेक्शनं झाली, मोठ्या रुग्णालयात पुन्हा ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यानं आईला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ती कधी माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत एकदा ते रेकॉर्डिंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ‘मौल्यवान नेत्रांना.’ कोण म्हणतं या शहरात डोळ्याला नेत्र? पदराला वस्त्र? आणि ते म्हणताना माझं ते हसू, शब्दाशब्दाला चिकटलेलं, चहात बुडून मेलेल्या माशीसारखं. मजकूर त्या मुलीचा होता, मान्य, पण त्यावर साखर मी पेरली होती. आणि ती इतकी वर्षं पेरत होते, जिथं सांगतील तिथं, आतला माल न बघता.

मी स्टुडिओत गेले आणि विचारलं, कच्चा आवाज आहे का?

“अहो, कच्चा आवाज म्हणजे कालची भाजी. ती कोण ठेवतं?” मालक म्हणाले आणि दोन मिनिटांत त्यांनी तो काढून दिला. आम्ही ऐकला. सपाट, भुकेला, घाईतला आवाज. डोळ्याला पदर, खट्, लावायचा नाही. टिचकी नेमकी तिथंच बसली होती.

“बरं बोलत होतात की,” मालक आरशाकडे बघत म्हणाले. “मग तुम्हाला आठवलं की तुम्ही कलाकार आहात.”

मी म्हटलं, सगळं नव्याने करू, माझ्याच आवाजात. सोपं वाटलं होतं. आईच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी तिला घेऊनच स्टुडिओत आले. बाहेर परक्या माणसांत बसायला ती तयार होईना, म्हणून माइकच्या खोलीतच तिला स्टुलावर बसवलं. जागा व्हावी म्हणून आरसा काढून ठेवावा लागला. मी वाचायला लागले आणि सगळ्यात ओंगळ गोष्ट तेव्हा कळली. साधं बोलायला गेले की मी साधेपणाची नक्कल करत होते. एकदा जाहिरातीतली ठसकेबाज गावची बाई आली. एकदा बातम्यांतली आली. एकदा अगदी मायाळू नर्स. नऊ टेक झाले. माझ्या गळ्यात चाळीस बायका राहत होत्या आणि घरमालकीण बेपत्ता होती. मी घामानं चिंब झाले. शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

दहाव्या टेकला दुसरं वाक्य वाचता वाचता मी सहज मान वळवली. आईनं पदराचा बोळा केला होता. फुंकर मारून झाली होती. हात डोळ्याकडे निघाला होता, डाव्या, चांगल्या डोळ्याकडे.

“आई! डोळ्याला पदर लावायचा न्हाई म्हनलं ना! कळतंय का काय तुला?”

या बांधावरून त्या बांधाला गेलेली हाक होती ती. आईचा हात जागच्या जागी थांबला आणि मांडीवर आला. फोनवरच्या बयेला जे पाच दिवसांत जमलं नव्हतं, ते एका ओरडण्यात झालं. मला रडू येत होतं, पण थांबले नाही. कागद बाजूला ठेवला आणि उरलेलं सगळं तिच्याकडे बघत सांगितलं. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. चुरचुरलं तरी चोळायचं नाही. डोळा लाल झाला, दुखला, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी यायचं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

काचेपलीकडून मालकांनी विचारलं, “टिचकी मारू?”

“नको,” मी म्हटलं.

जाहिरात कंपनीच्या मुलीनं ते ऐकून लगेच फोन केला. “मॅम, हे थोडं रूड वाटतंय. लाइक, ती पेशंटला झापतेय. ब्रँडला सूट नाही होत.” मी म्हटलं, झापतेच आहे. मग मी ते घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “हे बाहेर हॉलमध्ये लावतो.” त्या कंपनीनं मला परत काम दिलं नाही. बाकीची गोड कामं मी अजून करते. पोट आहे. पण ती करताना तोंडाला जी चव येते, ती आता मला ओळखू येते.

परवा आईला तपासणीला नेलं. लिफ्टमध्ये बया बोललीच. आई दारापासून एक पाऊल मागं सरकली. हॉलमध्ये आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी आईच्याच वयाच्या एक बाई, डोळ्याला हिरवी पट्टी, हातात पदराचा बोळा. एवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीतून मी ओरडले. त्या बाई दचकल्या. बोळा हातातून सुटला.

“अगं बाई! कोण एवढं खेकसतंय?” त्या म्हणाल्या.

आईनं टीव्हीकडे तोंड केलं. माझ्या बाजूचा तिचा डोळा उजवा होता, त्यामुळे मी तिला दिसत नव्हते.

“माजी पोरगी हाय ती,” आई म्हणाली. “मला सांगतीय.”